सातवा महिना

महाडजवळ हायवेला नवा बार झाला होता. बाहेरून लाकडी कपाटासारखं दिसणारं दार उघडून आत गेलं की दारूबंदीच्या जुन्या काळाचा देखावा. तिथं कामाला लागलेल्या सुनीलनं आपल्या आईला, मैनाबाईला, कापडे गावाहून मुद्दाम बघायला आणलं.

आत एक पोरगी लुगडं नेसून, पोटाला दारूनं भरलेली रबरी ट्यूब बांधून गरोदर बाईसारखी फिरत होती. गिऱ्हाईक खाकी टोपी घालायचं, तिच्या पोटावर छडी आपटायचं आणि विचारायचं, "काय लपवलंस गो?" मग ती ट्यूबचं तोंड सोडून त्याचा ग्लास भरायची. टाळ्या पडायच्या.

"आयडिया माझी हाय, आये," सुनील म्हणाला. "तूच सांगायचीस ना, पोटाला ट्यूब बांधून बिरवाडीला दारू न्यायचीस, नि नाक्यावरचा शिपाई फसायचा."

मैनाबाईचा हात पदराखाली पोटावर गेला.

"दर खेपेला नाय फसला. एकदा त्यानं काठी हाणली. जोरात."

"मग? ट्यूब फुटली?"

"त्या दिवशी मी ट्यूब बांधलीच नव्हती रे."