हुबेहूब चंची

कर्जतच्या भरतकामाच्या वर्गात बाईंनी यंदा जुन्या पानसुपारीच्या चंचीवरून सुया-दोऱ्यांची चंची शिवायला लावली. पळसदरीच्या गौराने सासूची, म्हणजे धोंडूबाईची, चंची समोर ठेवून तशीच दुसरी शिवली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते कळू नये, असं तिचं तिलाच वाटायचं.

प्रदर्शनात पाहुण्या बाईंनी गौराची चंची उचलली, उलटसुलट पाहिली, चक्क हुंगली. "कमाल आहे. हिला तंबाखूचा वाससुद्धा जुना येतोय." पहिलं बक्षीस, झाकणाचा स्टीलचा डबा, गौराला मिळालं.

चंची परत हातात आल्यावर गौराने आत पाहिलं, तर सासूने लावलेलं जुनं ठिगळ. सकाळच्या घाईत खुंटीवरून सासूचीच चंची उचलली गेली होती.

घरी धोंडूबाई ओटीवर बसली होती. मांडीवर गौराने शिवलेली चंची, आणि तिच्या शिवणीतून सांडलेली सुपारी ती एकेक करून वेचत होती.

"आई, चुकून तुमची नेली मी," गौरा दारातूनच पुटपुटली.



"चुकून नाय गं. तुजी गळते, म्हनून खुंटीवर मीच बदलली."