पोटात दुखतंय

यारेलीची आई थांबेचना. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी एपिफानिया आज डॉक्टरसमोर मिश्तेकमध्ये, मेक्सिकोतल्या त्यांच्या डोंगरी बोलीत, घडाघडा बोलत सुटली होती.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली गं. आता परत रक्त जातंय. वाफ्यात वाकलं की जास्तच जातं. वास पण मारतो. सांग त्याला, यारेली. समदं सांग."

डॉक्टर यारेलीकडं बघत होता. तरणाताठा, नुकताच दाढी केलेला. यारेलीचे कान तापले. सतरा वर्षांची पोर, शाळेला रामराम ठोकून आईच्या शेजारच्या वाफ्यात स्ट्रॉबेरी तोडायची. शिव्या तिला तीन भाषांत यायच्या. पण हे? ह्याच्यासमोर? आईच्या खालच्या अंगाचं?

"पोटात दुखतंय तिच्या," ती इंग्रजीत म्हणाली. "दिवसभर वाकून काम करते ना."

"एवढं सगळं बोलल्या, त्याचं एवढंच?"

"आमच्या भाषेत लांबड फार असते."

डॉक्टर हसला. "फोनवर दुभाषी बाई मिळते आमच्याकडं. लावू का?"

"नको! मी आहे ना."

फोन लावला की संपलंच. मिश्तेक गावागणिक बदलते. आईचं बोलणं जिला कळणार, ती बाई त्यांच्याच डोंगरातली निघणार, कुणाची तरी मावशी नाहीतर नणंद. संध्याकाळपर्यंत आईचं रक्त कॅलिफोर्नियातल्या अख्ख्या मळ्यात पोचणार आणि दुसऱ्या दिवशी मेक्सिकोत, ओहाकातल्या आजीच्या दारात.

डॉक्टरनं पोट वरवर दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाला.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"बरी होशील म्हणाला. चल."

बाहेर दारापाशी लिगाया बाई टॅब घेऊन उभ्याच होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून दवाखाना कसा वाटला ते विचारायचं, हेच त्यांचं काम.

"पळू नका गं! सुई नाही टोचत मी." त्यांनी टॅब आईच्या पुढ्यात धरला. "तीन चेहरे आहेत. हसरा, मधला, रडका. मी विचारते, तू आईला सांग. बोट त्यांचं त्यांनाच ठेवू दे."

नाव नोंदवणारी माणसं कशी होती? आईनं हसरा दाबला. बसायची सोय? हसरा. डॉक्टर? हसरा. यारेली वैतागली. तासन्‌तास ताटकळलो, तरी हसरा! पण आईचं असंच. ज्यानं बसायला खुर्ची दिली, त्याला नावं ठेवायची नाहीत.

"दुभाषी कसा होता?" लिगाया बाईंनी विचारलं.

"ते सोडा, ती मीच."

"मग तर विचारच. बघू तरी घरात काय किंमत आहे तुझी!"

यारेली हसली. "आये, मी कशी बोलले ते विचारतायत. दाब हसरा."

आईनं तिन्ही चेहऱ्यांकडं नीट पाहिलं. मग रडका दाबला.

"चुकून दाबलं वाटतं," लिगाया बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा तेच चेहरे काढून दिले. आईनं पुन्हा रडकाच दाबला. ह्या वेळी अंगठ्यानं, शाई लावून उठवावा तसा.

"काय गं हे!" यारेली भडकली. "तुझ्यासाठी मजुरी बुडवून आले आणि इथं माझी इज्जत काढतेस?"

आई आवाज न चढवता बोलली. "तुमच्या इंग्रजीतला एकच शब्द मला येतो. मळ्यात कुणाचं बोट कापलं की मुकादम ओरडतो ना, 'ब्लड! ब्लड!' पेटी फेकून द्यायला लावतो. कान लावून बसले होते मी आत. आता म्हणशील, मग म्हणशील. तू म्हणालीच नाहीस."

"मग तू का नाही म्हणालीस?"

"तू होतीस ना."



"काय म्हणतायत गं त्या?" लिगाया बाईंनी विचारलं. "दवाखान्याचं काही चुकलं का?"

यारेलीनं नाही म्हणून मान हलवली. ती डॉक्टरच्या खोलीकडं वळली. दार लागलेलं होतं, दुसरा पेशंट आत गेला होता. दाराबाहेरच्या बाकावर त्यांच्याच मळ्यातल्या, त्यांच्याच डोंगरातल्या दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या, आणि मघापासून इकडंच बघत होत्या.

"ब्लड!" यारेली ओरडली. मग त्या बायकांनाही नीट कळावं म्हणून मिश्तेकमध्ये म्हणाली, "माझ्या आईचं रक्त जातंय!"