सातव्या विहिरीची कांडी

दगड खोटं बोलत होता, नाहीतर पांदेले.

स्मरांडाने पडद्यावरचं चित्र पुन्हा एकदा फिरवलं. वायूची सातवी विहीर खोदताना तीन हजार मीटर खालून निघालेली ही दगडाची कांडी. तिच्या टोकाच्या नखाएवढ्या तुकड्याचे क्ष-किरणांनी दीड हजार काप टिपले होते. ते जोडून संगणकाने दगडातलं भोक न् भोक मांडलं आणि त्यातून वायू सोडून पाहिला. वायू सुसाट पलीकडे गेला. याच विहिरीच्या आधीच्या अकरा कांड्यांत तो मुंगीच्या पावलानेही सरकला नव्हता.

शुक्रवारी सिमेंटची गाडी यायची होती. दगड मेलेला, म्हणजे वायू न सोडणारा, ठरला की विहीर बुजणार, आणि तिच्यावर जगणारं गाव पोटापाण्यासाठी प्लोएश्त शहराच्या रस्त्याला लागणार. सगळं स्मरांडाच्या सहीवर. आणि कांड्यांच्या वखारीची किल्ली एकट्या म्हाताऱ्या पांदेलेकडे. तो त्याच गावचा. काल ही बारावी कांडी आणायला त्याने तासभर लावला होता. वखार होती पन्नास पावलांवर.

तिने कांडी उचलली आणि तरातरा वखार गाठली. म्हातारा पायरीवर बसून पेल्यातून घोट घेत होता.

"सकाळी सकाळीच, काका?"

"औषध आहे, इंजिनीअरबाई. कोबी-शेपू मुरवलेल्या पिंपातलं आंबट पाणी. रात्री आलुबुखाऱ्याची दारू जास्त झाली की सकाळी याच्याशिवाय उतरत नाही."

"ही कांडी कुठल्या विहिरीची?"

"सातव्या. नंबर रंगवलाय की तिच्यावर!"

"नंबर रंगवायला ब्रश पुरतो. गाव वाचवायला दुसरीच आणून दिलीत ना?"

"आईशप्पथ, सातवीचीच आहे."

"मग काल तासभर कुठं होतात?"

पांदेलेला पेल्यात एकदम काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

स्मरांडाने मग दगडांत काम करणारी माणसं शेवटी जे करतात तेच केलं. कांडी जिभेला लावली. आंबट. खारट. आणि मागून हलकेच शेपूची चव.

तिने कांडीकडे पाहिलं. मग पेल्याकडे.

"बायकोचा दगड फुटला हो," पांदेले पुटपुटला. "पिंपातला कोबी वर येतो, त्याच्यावर वजन लागतं. ही कशी गोल, गुळगुळीत. पिंपात बरोब्बर बसली. ऑक्टोबरपासून तिथंच होती. काल तुम्ही मागितलीत तेव्हा धावत घरी गेलो. धुतली, पुसली. कंपनीचा दगड कोबीवर ठेवला म्हटल्यावर नोकरी राहिली असती का माझी?"

स्मरांडा त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"म्हणजे दगड मेलेलाच होता," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "बुजवणार मग?"

 त्याच्या हातातला पेला घेऊन तिने वास घेतला, कांडीवरून नख फिरवलं. नखाखाली वाळूचे कण आले.

"काका, या दगडाचे कण चुन्याने सांधलेत. तुमच्या पिंपातल्या आंबट पाण्याने चार महिन्यांत तो चुना खाल्ला आणि वाटा मोकळ्या केल्या. खाली विहिरीतही हाच दगड आहे." तिने पेला त्याला परत दिला नाही. "गावात अशी पिंपं किती असतील?"

शुक्रवारी सिमेंटची गाडी आली, तेव्हा सातव्या विहिरीत ओतायला कोबीच्या पाण्याची एकशे चाळीस पिंपं रांगेत उभी होती, आणि घरोघरी डोकं धरून बसलेल्या पुरुषांना उतारा म्हणून थेंबही उरला नव्हता.