तित्तराचं नवं नाव

"पस्तीस वर्षं पोरांना फ्रँकोलिनस शिकवलं, आणि आता म्हणे ऑर्टिगॉर्निस!" निवृत्त प्राध्यापक टेंभेकरांनी मुद्रितं टेबलावर आपटली. तित्तर-लाव्यांवरचं त्यांचं पुस्तक छापायला निघालं होतं. संपादिकेनं कळवलं होतं, नव्या वर्गीकरणात राखी तित्तराची प्रजाती बदलली आहे, तेव्हा शास्त्रीय नावही बदला.

"त्यापेक्षा पुस्तकच नको," ते म्हणाले.

विजयाबाई शेंगा सोलत होत्या. "तित्तराला विचारलं का कुणी?"

"त्याला काय विचारायचं? त्याला कळतं का त्यातलं?"

"मला कळत होतं, तरी कुठे विचारलंत? लग्नात तांदळावर अंगठीनं 'विजया' लिहून मोकळे झालात. माहेरचं नाव जुनाट वाटलं ना तुम्हांला!" टोपली उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

देशभरातल्या तित्तर-लाव्यांची शास्त्रीय नावं टेंभेकरांना पाठ होती, पण बायकोचं माहेरचं नाव काही केल्या आठवेना. तिलाच विचारायची लाज वाटली. शेवटी अंगणात जाऊन त्यांनी हळू आवाजात मेहुण्याला फोन केला.

परत येऊन त्यांनी मुद्रितांत तेवीस ठिकाणी फ्रँकोलिनस खोडून ऑर्टिगॉर्निस लिहिलं. मग जरा घाबरतच स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "मथुरा!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"आले गं आई!" म्हणत विजयाबाई लगबगीनं बाहेर आल्या, दारातच थबकल्या आणि नवऱ्याकडे बघून हसत सुटल्या.