मागच्या सीटचा पट्टा

"बाबा, मी घरी येऊ का? नुसतं हो कळवा." सिलिगुडीहून आलेल्या क्षितिजाच्या त्या पत्राला सावळाराममास्तरांनी सहा वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. तिच्या लग्नावरचा राग केव्हाच निवला होता, पण योग्य शब्द सापडेनात. आता तर तिचा फोनही लागत नव्हता.

डायलिसिसला जाताना मास्तरांच्या बायकोला, गोदूबाईंना, रिक्षाचे धक्के सोसेनात, म्हणून त्यांनी मोबाइलवर फोटो बघून जुनी गाडी मागवली. ती ट्रेलरवरून टेमघरला दारात उतरली, तेव्हा कुठे त्यांनी विकणाऱ्याचं गाव वाचलं. सिलिगुडी.

"गाडी ओवालाला लेक पायजे व्हती," आरतीचं तबक हातात धरून गोदूबाई म्हणाल्या.

गाडी सुरू झाली आणि टुंग टुंग वाजू लागलं. मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजतं, तसं. मागे गोदूबाईच होत्या, आणि त्यांनी तर पट्टा लावला होता. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती.

"चाचा, सेन्सर गया होगा," म्हणत मेकॅनिकने वायरच काढून टाकली. तरी आवाज थांबला नाही.

डायलिसिसच्या तिसऱ्या खेपेला गोदूबाईंनी रिकाम्या सीटवर हात ठेवला. "अवो, हिचा हात किती गार परलाय! हिला काहीतरी बोला ना!"

नारपोलीच्या पोस्टापाशी मास्तरांनी गाडी थांबवली, इंजिन तसंच चालू ठेवलं. आंतर्देशीय घेऊन त्यावर क्षितिजाला लिहिलं, "हो. ये."

पत्र पेटीत पडलं. मागे गाडीत खट्कन पट्टा लागला आणि टुंग टुंग थांबलं.

गोदूबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.