सरांची तपासणी

ज्यांनी तिला भूल द्यायला शिकवलं, त्या सरांनाच उद्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची होती. ती खाटेशेजारी उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "सर, आ करा."

तोंडात जेमतेम दोन बोटं मावली. जिभेमागचं काहीच दिसेना. मान मागे टाकायला सांगितली, तर ती जागची हलेना. भूल चढल्यावर श्वासाची नळी आत गेली नाही, तर हाताशी दोन-चार मिनिटंच उरणार होती. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

"होईल ना गं नीट?" सरांच्या पत्नीने विचारलं.

"हो काकू, काळजी करू नका."

काकू चहा आणायला बाहेर गेल्या, तसे सर म्हणाले, "आता खरं सांग."

"अवघड आहे, सर. तुम्हाला जागं ठेवूनच नळी घालावी लागेल. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. मोठ्या डॉक्टरांपैकी कुणाला तरी बोलावू का?"

"सकाळपासून तिघे मोठे येऊन गेले," सर म्हणाले. "खुर्ची ओढून बसले, जुन्या आठवणी काढल्या, अगदी निर्धास्त राहा म्हणाले. मला तपासणं त्यांना बरं वाटलं नसावं. तोंड उघडायला एकानेही सांगितलं नाही. उद्या तूच ये."