टोपीवरचं बोट

मधली भिंत पडली की मेव्हण्याला एक खोली वाढून मिळणार होती, म्हणून घाई त्याचीच. भिंतीतून जुनी वायर डोकावत होती. त्याच्या वायरमन दाजींनी मेन बंद करून वायरला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला.

"दाजी, मेन नक्की बंद केलात ना?"

"तूच बघ जाऊन."

मेन बंदच होता.

टेस्टरच्या टोपीवर माणसाचं बोट असेल तरच दिवा पेटतो. दाजींनी टेस्टर वायरीत अडकवून हात काढला. दिवा तसाच.

"आता बोट कुणाचं?" मेव्हणा हसला.

दाजींना राहवेना. त्यांनी टोपीवर बोट टेकवलं. टोपी कोमट होती. दिवा विझला.

भिंत पडली, मेव्हण्याला खोली मिळाली. दाजींच्या बोटाखाली मात्र त्यानंतर चालू वायरीवरही कुठलाच टेस्टर पेटला नाही.